पुठ्ठ्याच्या नळीचं घर

मेणकापडाच्या दुकानात रोल संपला की आत पुठ्ठ्याची जाड नळी उरते. ती आपण पोरांना खेळायला देतो, नाहीतर बंबात घालतो. याच नळीने जगात अनेक ठिकाणी बेघर झालेल्या माणसांना छप्पर दिलं. आज तो इतिहास ऐकू या.

शिगेरू बान हे जपानमधले वास्तुरचनाकार, म्हणजे इमारतींचे आराखडे करणारे. १९८६ साली एका प्रदर्शनाच्या मांडणीसाठी त्यांनी लाकडाऐवजी अशा नळ्या वापरल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की नळी दिसते त्यापेक्षा मजबूत आहे, हलकी आहे, स्वस्त आहे आणि हव्या त्या लांबीची बनवून मिळते.

१९९४ साली आफ्रिकेतल्या रुवांडा देशात भयंकर नरसंहार झाला. लाखो माणसं घरदार सोडून पळाली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेने त्यांना चार मीटर बाय सहा मीटरचं प्लास्टिकचं कापड आणि ते उभारायला अॅल्युमिनियमचे दांडे दिले. अॅल्युमिनियमला बाजारात भाव. लोकांनी दांडे विकले आणि प्लास्टिकला टेकू द्यायला झाडं तोडली. त्यांना नावं ठेवून चालणार नाही. पोटात भूक असताना पैशाची वस्तू कोण जपून ठेवील? पण छावण्यांभोवतालचं रान उजाड व्हायला लागलं. तेव्हा बान यांनी सुचवलं, की दांडे पुठ्ठ्याच्या नळ्यांचे करा. विकून फार काही मिळणार नाही, झाडंही वाचतील. १९९९ साली तिथे असे पन्नास तंबू उभारून पाहिले गेले.

मधल्या काळात जपानवरच संकट आलं. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहरात मोठा भूकंप झाला. तिथे व्हिएतनाममधून आलेली निर्वासित कुटुंबं प्लास्टिकच्या तंबूत दिवस काढत होती. त्यांच्यासाठी बान आणि स्वयंसेवकांनी नळ्यांची घरं बांधली. पायाला बिअरच्या बाटल्यांचे रिकामे क्रेट घेतले आणि त्यांत वाळूच्या पिशव्या भरल्या. भिंतीला नळ्या एकीला एक लावून उभ्या केल्या आणि मधल्या फटीत पाणी रोखणारी स्पंजची पट्टी बसवली. वर तंबूचं कापड. अशी घरं सोडवून पुन्हा दुसरीकडे लावता येतात.

तिथेच ५८ नळ्यांचं एक प्रार्थनाघरही उभं राहिलं. तात्पुरतं म्हणून बांधलेलं ते दहा वर्षं वापरात होतं. २००५ साली ते सोडवलं, जहाजाने तैवानला नेलं आणि तिथल्या भूकंपग्रस्त भागात पुन्हा उभारलं.

१९९९ साली तुर्कस्तानात भूकंप झाला. तिथली कुटुंबं मोठी, म्हणून घर थोडं मोठं केलं. थंडी कडाक्याची, म्हणून नळ्यांच्या पोकळीत रद्दी कागदाचा चुरा भरला.

मग २६ जानेवारी २००१. गुजरातेत भूज हादरलं. तिथे बांधलेल्या घरांच्या पायाला क्रेट नव्हते. पडलेल्या घरांचा राडारोडाच पायाला घातला आणि वर मातीची जमीन केली. भिंती नळ्यांच्या. छपराला बांबूच्या कामट्यांची कमान. त्यावर चटई, चटईवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर पुन्हा चटई. छपराच्या दोन्ही टोकांच्या तिकोनी भागात चटईची बारीक भोकं मोकळी ठेवली. त्यातून वारा खेळतो, चुलीचा धूर बाहेर पडतो, आणि जाता जाता तो धूर डासही हाकलतो.

मैत्रिणींनो, नळी सगळीकडे तीच, पण प्रत्येक ठिकाणी घर बदललं. थंडी किती, माणसं किती, चूल कुठे पेटणार, हे आधी पाहिलं गेलं. फुकट मिळणारं सामान जमवणं सोपं आहे. त्या घरात कोण राहणार, हे विचारणं राहून जातं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादच्या माणसांना पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढावे लागले. वैशाखात पत्र्याखाली स्वयंपाक करणं म्हणजे काय, ते ज्या बाईने केलं तिलाच विचारावं.

आणि भूकंप तर कधीतरी होतो. आपल्या ऊसतोडीच्या बाया दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. बांबू, चटई, वर प्लास्टिक. बिऱ्हाडाबरोबर हलणारं, कमी खर्चाचं घर म्हणतात ते हेच. ते बांधायची कला आपल्या बायांना कोणी शिकवायला नको. पण वाकून आत शिरावं लागतं, प्लास्टिकमुळे हवा कोंडते, अवकाळी पाऊस आला की खालून ओल येते. लेकुरवाळी बाई तिथेच रात्र काढते आणि पहाटे कोयता घेऊन फडात जाते.

भूजच्या घरातल्या काही गोष्टी कोपीलाही लागू पडतात. खाली विटांचे तुकडे, मुरूम टाकून जमीन वीतभर उंच करावी. भोवती चर खणावा. दोन्ही टोकांना वरच्या बाजूला प्लास्टिक न लावता नुसती चटई ठेवावी. चूल पाचटापासून आणि प्लास्टिकपासून लांब असावी. याला पैसा थोडा लागतो, पण जागा लागते, मुरूम लागतो आणि कोपी बांधायला एक दिवसाची सवड लागते. ती मागायची कोणाकडे? उचल घेताना मुकादमाशी बोलणं होतं, तेव्हा पैशाबरोबर जागेचंही बोला. कारखान्याकडून बांबू-चटया मिळणार असतील तर किती आणि कशा, ते आधी विचारा.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की ज्या ताई ऊसतोडीला जाऊन आल्या आहेत, त्यांना बोलू द्या. मागच्या हंगामात कोपीत पाणी कुठून शिरलं, धूर कुठे कोंडला, ते त्यांनी सांगावं आणि सचिव ताईंनी वहीत लिहून घ्यावं. निघण्याआधी मुकादमापुढे तीच वही उघडा.