धारवाडची मोजपट्टी

बुद्ध्यांक काढणाऱ्या बिने-कामत चाचणीतले कामत म्हणजे व्ही. व्ही. कामत. बिनेची चाचणी नुसती भाषांतरित न करता त्यांनी ती धारवाडच्या कानडी आणि मराठी मुलांवर पारखून घेतली. १९३४ मध्ये शोधनिबंध, १९४० मध्ये पुस्तक. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. (आपले नमुने एकांगी आहेत, अशी पाश्चात्त्य मानसशास्त्रात मोठी ओरड झाली ती २०१० मध्ये!)

घोळ पुढे झाला. तीच पट्टी कित्येक दशकं मुंबईसह ठिकठिकाणच्या दवाखान्यांत वापरली गेली, तिच्यावरून मुलं ‘मतिमंद’ ठरली. सरासरी मात्र धारवाडची. कामतांनी दहापट मुलं तपासली असती, तरी तीही धारवाडचीच! आमच्या भाईंदरला एकाच जिन्यावर मराठी, गुजराती, भोजपुरी पोरं खेळतात. यातल्या भोजपुरी पोरासारखं त्या नमुन्यात कोणीच नव्हतं.