रेशनच्या अंड्यावर पाणी

आजचा एपिसोड कोंबड्यांवर आहे. हसू नका, इतिहासच सांगतोय.

मी इंग्लंडात रेडिंगला राहतो, दिवसभर कोड लिहितो. शेजारच्या आजोबांकडे एक अलॉटमेंट आहे. म्हणजे कौन्सिलकडून वर्षाच्या भाड्याने मिळणारा भाजीपाल्याचा तुकडा, पूर्ण मापाचा असेल तर साधारण अडीच गुंठे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिथल्या पाच कोंबड्या माझ्या गळ्यात पडल्या.

मला वाटलं होतं, दाणे टाकायचे, अंडी उचलायची, झालं. पण जागा घरापासून लांब. सकाळी खुराडं उघडायला जा, अंधार पडला की बंद करायला जा, आणि डिसेंबरात अंधार चारलाच पडतो. प्यायचं पाणी गोठतं. बसायच्या दांडीच्या फटींत बारीक लाल किडे लपतात, ते रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. एवढं करून अंडी जवळजवळ नाहीतच! अंडं घालणं दिवसाच्या उजेडावर ठरतं. चौदा तास उजेड असेल तर कोंबडी जोरात असते. इथे तेव्हा आठच तास मिळतात.

आता मागे जाऊ. दुसरं महायुद्ध, जून 1941. ब्रिटनमध्ये अंडी रेशनवर आली, माणशी आठवड्याला साधारण एक. पुढच्या वर्षी अमेरिकेतून अंड्याची पावडर आली, एक पाकीट म्हणजे बारा अंडी. पण सरकारने आणखी एक वाट ठेवली होती. रेशनच्या अंड्यांवर पाणी सोडा, बदल्यात कोंबड्यांसाठी पूरक खाद्य घ्या. ते उकडलेल्या बटाट्याच्या सालींत कालवायचं. आजोबांच्या आईने हेच केलं होतं. त्या साली शिजतानाचा वास त्यांना अजून आठवतो.

अंड्यांचं रेशन 1953 पर्यंत चाललं. त्याआधीच, 1950 च्या अलॉटमेंट कायद्याने कोंबड्या आणि ससे पाळायचा हक्क दिला. भाडेकरारात मनाई असली तरी चालेल, फक्त धंदा करायचा नाही आणि शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. कायद्यात शब्द आहे ‘हेन्स’. कोंबड्याला त्यात जागा नाही, पहाटे आरवणार ना तो!

गंमत बघा, हक्क आजही आहे, पण त्या साली बेकायदा झाल्या. 2001 मध्ये गुरांना लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हापासून नियम कडक झाले. स्वयंपाकघरातून आलेलं काहीही कोंबड्यांना घालता येत नाही. पूर्ण व्हीगन घर असेल तरच सूट. वाफ्यातला कोबी थेट तोडून घातला तर चालतो, घरी नेऊन परत आणला तर नाही.

जानेवारीत एकदा ऑफिसात रिलीज लांबलं. मी पोचलो तेव्हा आठ वाजले होते. दार उघडंच होतं आणि कोल्हा येऊन गेला होता. तीन गेल्या. येताना सुपरमार्केटमधून डझनभर अंडी आणली आणि फ्रीजसमोर उभा राहिलो. 1941 साली त्या माऊलीचा कोल्हा असा येऊन गेला असता, तर दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन अंडी मागायची सोय नव्हती. नाव आधीच कापलेलं.

आजोबांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, “जाळी खालून उकरली का?” मी दाराचं खरं काय ते सांगितलं. थोडा वेळ ते गप्प. मग म्हणाले, “उरलेल्या दोघी खातायत ना?”