२३५० म्हणजे ‘म’

२३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. पायथन भाषेतल्या ‘सीएचआर’ या फंक्शनला हे आकडे एकेक करून दिले, की म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी बाहेर पडते. जोडून वाचा: मराठी. युनिकोडच्या तक्त्यात ‘म’चा क्रमांक २३५०, नागपुरात तोच, न्यू जर्सीतही तोच.

ही एकवाक्यता सहजासहजी आली नाही. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाण ठरवली. तिच्यात ‘क’ १७९ आणि ‘म’ २०४. गंमत अशी, की देवनागरी, गुजराती, बंगाली या सगळ्यांचा ‘क’ १७९च. लिपी कोणती, ते वेगळ्या खुणेने सांगायचे. युनिकोडने यांतल्या प्रत्येक लिपीला १२८ घरांची स्वतंत्र आळी दिली, पण इस्कीचा वर्णक्रम बहुतांशी राखला. म्हणून गुजराती ‘क’च्या २७०९मधून ३८४ वजा केले, की २३२५ हा आपला ‘क’ हाती येतो.

डीटीपीवाल्यांचा कारभार मात्र तिसराच. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत देवनागरी आकार बसवलेले असत. छपाई देखणी व्हायची. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की पडद्यावर नुसती गिचमीड.

अशी फाइल युनिकोडमध्ये आणताना आकड्याला आकडा बदलून भागत नाही. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. जुन्या फाइलीत तो डोळ्यांना दिसतो तसा साठवलेला असतो: आधी पहिली वेलांटी, मग अर्धा ‘स’, मग ‘थ’. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. तेव्हा प्रोग्रॅमने वेलांटी उचलायची, अर्धा ‘स’ ओलांडायचा आणि ती ‘थ’नंतर ठेवायची. ‘वर्ष’मधल्या रफाराचा प्रवास उलटा, तो ‘ष’च्या मागून पुढे आणावा लागतो.

सगळ्यात फसवा ‘आ’. जुन्या फॉन्टांत तो बऱ्याचदा ‘अ’ आणि काना असा दोन तुकड्यांत असे. घाईत लिहिलेला प्रोग्रॅम दोन्ही तुकडे सुटेच बदलतो. पडद्यावर अक्षर अनेकदा बिनचूक दिसते, पण ‘आई’ शोधायला जावे तर सापडत नाही. म्हणून जोडीचे तुकडे आधी बदलायचे, सुटे नंतर.

जुन्या अंकांच्या सीडी कोणाच्या कपाटात असतील, तर त्यांच्यासोबतची फॉन्टची फाइल टाकून देऊ नका. कोणत्या आकड्यावर कोणता आकार, हे तिच्यावरूनच कळते.