बाबागाडीची घडी

स्ट्रोलर घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता आधी छत पुढे-मागे करून दाखवतो. मग खाऊचा ट्रे, मच्छरदाणी, खालची टोपली, पाठ किती आडवी होते ते. "मिटून दाखवा" म्हटलं की मात्र तो एक खटका पायाने दाबतो, दुसरा हाताने ओढतो, गाडीला गुडघ्याने रेटा देतो आणि म्हणतो, "नवीन आहे ना, जरा कडक आहे." परवडणारी गाडी आणि पैसे वाया घालवणारी गाडी यांतला फरक तिथेच कळतो. छत आणि ट्रे कुणीही बनवतो. अवघड असते ती बिजागरी, आणि बाबागाडी सर्वसामान्य घरात आली ती बिजागरीच्याच जोरावर.

त्याआधीची शे-दोनशे वर्षं तिला मिटण्याची गरजच नव्हती. इंग्लंडमधली पहिली बाबागाडी म्हणून जिचं नाव घेतात ती १७३३ च्या सुमाराची. विल्यम केंट हा बागा आणि इमारती रचणारा नामांकित माणूस. त्याने तिसऱ्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची बैठक असलेली गाडी केली, आणि ती ओढायला जुंपायची बकरी किंवा लहानसं तट्टू. मुलाला कुठे न्यावं असा तिचा हेतू नव्हताच. बागेतल्या बागेत चक्कर मारावी, पाहुण्यांनी कौतुक करावं, एवढ्यापुरती ती होती. पुढच्या गाड्याही ओढायच्याच राहिल्या. ओढणाऱ्याची पाठ मुलाकडे, त्यामुळे मागे ते रडतंय की निम्मं बाहेर लोंबकळतंय, याचा पत्ता नाही. गाडीला मागून ढकलायचा दांडा लागला तो एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेत बेंजामिन पॉटर क्रँडल १८३० च्या दशकापासून बाबागाड्या विकत होता. त्याचा मुलगा जेसी याने ब्रेकची, छत्रीची आणि घडी होणाऱ्या गाडीचीही पेटंटं घेतली. म्हणजे मिटणारी गाडी ही कल्पना विसाव्या शतकाची नव्हे. तिची निकड तेव्हा कुणाला नव्हती, इतकंच.

कारण गाडी घेणाऱ्याच्या घरी ती ठेवायला ओसरी होती, चढवायला नोकर होते आणि ढकलायला दाई. राणी व्हिक्टोरियाच्या मुलांसाठी गाड्या आल्या आणि इंग्लंडमध्ये त्यांची फॅशनच झाली. १८७७ साली विल्यम विल्सनने लीड्सजवळ काढलेली सिल्व्हर क्रॉस कंपनी पुढे या थाटाची मानकरी ठरली. उंच तारांची चाकं, चामड्याच्या पट्ट्यांवर झुलणारी पेटी, चकचकीत रंग. झोपलेल्या बाळासाठी यापेक्षा सुखाचं वाहन आजही नसेल. पण गाडीचं वजन पंचवीस किलोच्या वर. मुंबईतही बाबागाडी आली ती साहेबांच्या आणि सधन पारशांच्या बंगल्यांतून, आयांच्या हातून. चाळीच्या लाकडी जिन्यावरून हे धूड तिसऱ्या मजल्यावर नेणार कोण? आपल्या मध्यमवर्गाने बाळाला कडेवर घेतलं यात मायेइतकाच जिन्याचाही वाटा आहे.

या काळातला एक माणूस मात्र सोडून पुढे जाता येत नाही. बाल्टिमोरचा विल्यम रिचर्डसन. कृष्णवर्णीय अमेरिकन, आणि १८ जून १८८९ रोजी त्याला बाबागाडीचं पेटंट मिळालं. त्याच्या गाडीत बाळाची टोपली फिरवता यायची: हवं तर बाळाचं तोंड आईकडे, हवं तर रस्त्याकडे. शिवाय चाकं एकमेकांपासून स्वतंत्र फिरायची, त्यामुळे गाडी जागच्या जागी वळायची. आज आपल्याकडच्या चार-साडेचार हजारांच्या प्रॅममध्ये 'रिव्हर्सिबल हँडल' असतं ते याच इच्छेचं स्वस्त रूप. टोपली फिरवण्याऐवजी आपले कारखाने दांडाच पुढून मागे पलटतात. युक्ती सोपी, पण तिची किंमत चाकं मोजतात. गरगर फिरणारी चाकं पुढची असतात. दांडा पलटला की ती ढकलणाऱ्याच्या पायाशी येतात, आणि मॉलमधली ट्रॉली उलट्या बाजूने ढकलावी तशी गाडी भरकटायला लागते. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर हे कळत नाही. दांडा पलटून एक वळण घेऊन बघावं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर आईचा चेहरा दिसणं मोलाचं आहे, तेवढ्यासाठी हा त्रास मी सोसेन. मोठं मूल असेल तर या सोयीला एक रुपयाही जास्त देणार नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि ती एका आजोबांची आहे. ओवेन फिनले मॅक्लारेन, जन्म १९०७, पेशाने विमानांचा अभियंता आणि वैमानिकही. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेशी त्याचं नाव सर्रास जोडलं जातं. आडव्या वाऱ्यात विमान उतरवता यावं म्हणून केलेली चाकांची रचना तर त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखली जाते. १९६० च्या दशकात मुलगी परदेशाहून नातवंडाला घेऊन माहेरी आली. प्रवासात तिला जड पुशचेअर ओढताना होणारी दमछाक बघून म्हातारा वैतागला. वैतागलेले आजोबा जगभर असतात. या आजोबांना अॅल्युमिनियमच्या नळ्या कशा वाकतात आणि कुठे तुटतात ते ठाऊक होतं. २० जुलै १९६५ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९६७ साली नॉर्दम्प्टनशायरमधल्या बार्बी गावी, घराशेजारच्या जुन्या तबेल्यात, हजारेक गाड्या बनल्या. एकेकीचं वजन सहा पौंड, म्हणजे सुमारे २.७ किलो.

विमानाच्या चाकांची अट मोठी विचित्र असते. जमिनीवर आली की सगळा भार पेलायचा, हवेत गेलं की अंग चोरून पोटात शिरायचं, आणि दोन्ही वेळी हलकं राहायचं. बाबागाडीला हीच अट पहिल्यांदा कुणी घातली असेल तर या माणसाने. आधीच्या घडीच्या गाड्या एकाच दिशेने मिटायच्या: चपट्या व्हायच्या, पण रुंदी तेवढीच. मॅक्लारेनची गाडी दोन्ही दिशांनी मिटते. नळ्या कात्रीसारख्या फुलीत जोडलेल्या असतात, त्यामुळे पुढची-मागची चाकं जवळ येतात आणि त्याच वेळी डावी-उजवी बाजूही. शेवटी हातात उरतो तो नळ्यांचा एक जुडगा. छत्रीच्या मुठीसारखे वाकलेले दोन दांडे वर असल्याने या जातीला 'अंब्रेला स्ट्रोलर' हे नाव पडलं.

या गाडीच्या मागच्या बाजूला, चाकांच्या जरा वर, एक आडवी पट्टी असते. तिच्या मधोमध बिजागरी. गाडी उघडली की पट्टी जवळजवळ सरळ होते, आणि पायाने दाबली की सरळ रेषेच्याही किंचित पलीकडे जाऊन खट्‌कन बसते. सगळं कसब त्या किंचित पलीकडे जाण्यात आहे. मूल बसलं की ताणलेली कापडी बैठक दोन्ही बाजूंच्या नळ्यांना आत ओढते, पट्टी दोन्हीकडून चेपली जाते, आणि रेषा ओलांडलेली असल्यामुळे त्या दाबाने सुटण्याऐवजी उलट घट्ट बसते. गाडी मिटायची तर पट्टी कुणीतरी मुद्दाम उचलावी लागते. जोडीला दुसरा एक खटका असतोच, चुकून पाय लागला तरी गाडी कोसळू नये म्हणून. स्वस्त नकलांमध्ये या पट्टीच्या खिळ्याला ढिलाई असते. रिकामी गाडी उघडून दांडे धरून आडवी हलवली की ती ढिलाई हाताला लागते. मग ट्रे कितीही सुंदर असो, पुढच्या गाडीकडे वळावं.

१९७६ पर्यंत वर्षाला सहा लाख गाड्या निघू लागल्या. बस, ट्राम, भुयारी रेल्वे, लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने: जिथे आई एकटी असते तिथे ही गाडी गेली. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. जुन्या साध्या अंब्रेला गाडीत पाठ आडवी होत नाही, त्यामुळे मान न धरणाऱ्या बाळासाठी ती नाहीच; सहाएक महिन्यांनंतर, बाळ बसायला लागल्यावर तिचा काळ सुरू होतो. आणि गाडी इतकी हलकी की दांड्यांना भाजीची पिशवी अडकवून मुलाला उचलून घेतलं तर ती मागे पालथी पडते. मूल आत असतानाही पडू शकते. पिशवी खालच्या टोपलीत, टोपली नसेल तर खांद्यावर.

बिजागरीची काळी बाजूही याच घराण्यात आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी अमेरिकेत परत बोलावणीची घोषणा झाली. गाडी उघडताना मुलांची बोटं बाजूच्या बिजागरीत सापडत होती. आलेल्या १५ तक्रारींपैकी १२ मध्ये बोटाचं टोक तुटलं होतं. उपाय काय, तर बिजागरीवर चढवायची कापडी खोळ, ती कंपनीने फुकट वाटली. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या घडीच्या गाडीला चाळीस वर्षांनी एका खोळीची आठवण झाली, हे मला अजूनही पचत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेने स्ट्रोलरसाठी सुरक्षेचे सक्तीचे नियम केले. आपल्यापुरता नियम साधा: गाडी उघडताना-मिटताना मूल हाताच्या अंतरावर नको, दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर हवं.

मग ही गाडी स्वस्त कशी झाली? त्याचं उत्तर चीनमधल्या कुनशान शहराजवळ सापडतं. तिथल्या शाळेतला गणिताचा शिक्षक सोंग झेंगह्वान याच्या गळ्यात १९८९ साली शाळेच्या मालकीचा एक बुडीत कारखाना पडला. त्याने पाळण्यासारखी डुलणारी बाबागाडी केली, कंपनीचं नाव ठेवलं गुडबेबी. पुढे ही कंपनी स्वतःच्या नावाने आणि त्याहून कितीतरी जास्त दुसऱ्यांच्या नावांनी गाड्या बनवत जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत जाऊन बसली. २०१४ मध्ये तिने जर्मनीची सायबेक्स आणि अमेरिकेची इव्हनफ्लो या कंपन्याही विकत घेतल्या. महाग आणि स्वस्त गाडी चीनमधल्या एकाच पट्ट्यातून निघणं त्यानंतर नवलाचं राहिलं नाही. म्हणून पाटी बघून भारावू नये आणि पाटी नाही म्हणून नाकही मुरडू नये. मधल्या काळात घडीचा खेळ दुसऱ्या टोकाला गेला होता. फ्रान्सच्या बेबीझेनने २०१२ मध्ये योयो नावाची गाडी काढली, ती मिटून विमानातल्या डोक्यावरच्या कप्प्यात जाते. किंमत अर्थातच आपल्या विषयाबाहेरची. पण तिची नक्कल करणाऱ्या गाड्या आता आठ-दहा हजारांत आपल्याकडेही दिसतात.

आपल्या बाजारात आज तीन घराणी शेजारीशेजारी उभी असतात. रिचर्डसनच्या वळणाची पलटत्या दांड्याची प्रॅम, मॅक्लारेनच्या वळणाची छत्री-गाडी, आणि चौकोनी घडीची ही केबिन-गाडी. पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या फर्स्टक्रायच्या बेबीहगपासून लव्हलॅप, आर फॉर रॅबिटपर्यंत सगळ्यांकडे या तिन्हींचे नमुने मिळतात. पहिली जन्मापासून चालते, पण सहसा सहा ते आठ किलोंची आणि मिटूनही रिक्षात आडवी येणारी. दुसरी पायाशी उभी राहते, हातात अडकवून जिना चढता येतो, पण नवजात बाळासाठी नाही. तिसरी आडवीही होते, मिटतेही नीट, खिशाला मात्र चावते.

लिफ्ट आहे, खाली सोसायटीचं आवार आहे आणि बाळ दोन महिन्यांचं आहे, तर पहिली घ्यावी. लिफ्ट नाही, रिक्षाने जाणं-येणं आहे, तर सहा महिने कडेवर काढून दुसरी घ्यावी. दोन हजार ते साडेतीन हजारांत चांगली मिळते. अमेरिकेत एडिसन किंवा सॅन होजेला मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आजी-आजोबांनी इथून गाडी न्यायच्या फंदात पडू नये, तिकडे शेजारीपाजारी जुनी बऱ्या अवस्थेत सापडते. बाळाला घेऊन येताना मात्र छत्री-गाडी विमानाच्या दारापर्यंत ढकलत आणता येते.

चाकांकडे आपण सगळ्यात कमी बघतो. स्वस्त गाडीची चाकं पाच-सहा इंची, कडक प्लास्टिकची किंवा फोमची. चाक जितकं लहान तितका त्याला छोटा उंचवटाही डोंगर होतो, आणि आपल्या फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक तर मुळात उंचवट्यांसाठीच बसवलेले वाटतात. पुढच्या चाकांना लॉक असेल तर अशा रस्त्यावर ती सरळ बांधून टाकावीत. मोकळी फिरणारी चाकं फटीत आडवी अडकतात. कर्ब आला की गाडी मागच्या चाकांवर तोलून पुढची उचलायची, ही सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी. पट्टा पाच ठिकाणी बांधणारा असावा, खांद्यांवरून येणारा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यातून दीड वर्षाचं मूल उभं राहून दाखवतं.

जुनी गाडी घ्यायला मी तर म्हणेन मुळीच लाजू नये. मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की गाडी घराच्या माळ्यावर जाते, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला एखादी विकायला असतेच. कापड धुता येतं. बघायच्या त्या बिजागऱ्या, मागची आडवी पट्टी, आणि ब्रेक. पार्किंगच्या उतारावर गाडी उभी करावी, पाण्याचा भरलेला कॅन पट्ट्याने आत बांधावा, ब्रेक लावावा आणि हात सोडावा. गाडी जागची हलली नाही, पाच वेळा उघडली-मिटली तरी कुठे अडकली नाही, आणि मालक दोन हजार मागत असेल, तर बाराशेपासून बोली सुरू करावी.