बुटात पडलेली नाणी आणि बंद पडलेला कॅम्प

आजचा एपिसोड अमेरिकेतल्या समर कॅम्पचा आहे. पण खरं सांगायचं तर तो पैशांचा आहे. अपंग मुलांच्या उन्हाळी कॅम्पसाठी लोकांकडे पैसे मागायचे, तर कसे मागायचे? ऐकायला साधा प्रश्न, पण त्यावरून तिथे मोठं भांडण झालं.

आधी खर्च समजून घेऊ. साध्या कॅम्पमध्ये बऱ्याच पोरांमागे एक ताई किंवा दादा पुरतो. पण ज्या मुलांना उठायला, जेवायला, अंघोळीला मदत लागते, तिथे जवळपास प्रत्येक मुलामागे एक माणूस लागतो. शिवाय रॅम्प, नर्स, औषधं. मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर करणारा आजार. या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संघटनेने 1955 मध्ये असे कॅम्प सुरू केले, तेही कुटुंबांकडून एक पैसा न घेता. मग पैसा कुठून आला?

एक वाट होती बुटाची. खरंच, बुटाची! 1954 पासून तिथल्या अग्निशमन जवानांच्या युनियनने या संघटनेसाठी वर्गणी गोळा करायला घेतली. जवान चौकात उभे राहणार, हातात त्यांचा तो जाडजूड रबरी बूट. सिग्नलला थांबलेल्या गाडीवाल्यांनी त्यात नाणी टाकायची. आजही हे चालतं.

दुसरी वाट टीव्हीची. 1966 मध्ये विनोदी नट जेरी लुईसने सप्टेंबरच्या लेबर डेच्या सुट्टीत न्यूयॉर्कच्या एका चॅनेलवर टेलेथॉन केला. टेलेथॉन म्हणजे तासन्‌तास चालणारा लाइव्ह कार्यक्रम: गाणी, विनोद, फोन नंबर आणि मागे वाढत जाणारा रकमेचा बोर्ड. आज लाइव्हस्ट्रीमवर डोनेशनचा आकडा पळतो ना, त्याचा आजोबाच म्हणा. पहिल्याच वर्षी दहा लाख डॉलरहून जास्त जमले. लुईसने 2010 पर्यंत हा कार्यक्रम केला आणि एवढ्या वर्षांत दोन अब्ज डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली. त्यातून संशोधन झालं, दवाखाने चालले, व्हीलचेअर मिळाल्या आणि कॅम्पही झाले.

पण स्टेजवर काय दिसायचं? एक गोड मूल, आजाराची गोष्ट, लुईसचे भरून आलेले डोळे. मूल जितकं बिचारं, तितके फोन जास्त. आमच्या भाषेत सांगायचं तर दयेचा कन्व्हर्जन रेट फार चांगला असतो.

आता याच काळातला दुसरा कॅम्प बघा. न्यूयॉर्क राज्यात कॅटस्किल्सच्या डोंगरात 1951 मध्ये सुरू झालेला कॅम्प जेनेड. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लांब केसवाले, गिटार वाजवणारे हिप्पी तरुण काउन्सेलर होते. पोलिओ, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं तिथे बेसबॉल खेळायची, प्रेमात पडायची, आईवडिलांच्या तक्रारी करायची. तिथे 1971 मध्ये झालेलं चित्रीकरण 'क्रिप कॅम्प' या 2020 च्या नेटफ्लिक्सवरच्या डॉक्युमेंटरीत आहे. व्हीलचेअरवरची ज्युडी ह्यूमन जेवणात काय करायचं यावर प्रत्येकाचं मत विचारतेय. ज्याचं बोलणं समजायला वेळ लागतो, त्याच्यासाठीही सगळे थांबतात. कुणालाच कुणाची कीव नाही.

आणि हा कॅम्प 1977 मध्ये पैशांअभावी बंद पडला.

त्याच वर्षी 5 एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोत शंभरहून जास्त अपंग माणसं एका सरकारी इमारतीत शिरली आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ हललीच नाहीत. मागणी एकच: 1973 च्या कायद्यातल्या कलम 504 चे नियम लागू करा. म्हणजे सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला अपंगांना दाराबाहेर ठेवता येणार नाही. नेतृत्व ज्युडी ह्यूमनचं, सोबत जेनेडचे जुने सवंगडी. ब्लॅक पँथर्सनी त्यांना रोज गरम जेवण आणून दिलं. 28 एप्रिलला नियमांवर सही झाली. एकत्र बसून ठरवायची सवय या मंडळींना कॅम्पातच लागली होती.

मग टेलेथॉनवरही प्रश्न उठले. 1981 मध्ये इव्हान केम्प या व्हीलचेअर वापरणाऱ्या वकिलाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की दया दाखवून पैसे मिळतात, पण पूर्वग्रह पक्का होतो. विचार करा: सोमवारी टीव्हीसमोर डोळे पुसणारा माणूस मंगळवारी ऑफिसात मुलाखती घ्यायला बसतो. समोर व्हीलचेअरवरचा उमेदवार आला, तर त्याला इंजिनियर दिसेल की कालचं बिचारं मूल?

जुलै 1990 मध्ये अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. दोनच महिन्यांत लुईसने एका मासिकात आपण या आजाराचे रुग्ण असल्याची कल्पना करून लेख लिहिला, त्यात स्वतःला अर्धा माणूस म्हटलं. लोक भडकले. पुढच्या वर्षी शिकागोत निदर्शनं झाली. ती उभी करणारे माइक एर्विन आणि क्रिस मॅथ्यूज हे भाऊबहीण लहानपणी स्वतः याच मोहिमेची पोस्टरवरची मुलं होती.

आता सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो: जेनेड चांगला, टेलेथॉन वाईट. मला तो पटत नाही. टेलेथॉनच्या पैशातून एखादी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा आईबाबांशिवाय आठवडाभर राहिली असेल, तर तो आठवडा खोटा नाही. आणि कलम 504 ने दार उघडलं, तरी स्वयंपाक्याचा पगार कुणीतरी द्यावाच लागतो. गंमत बघा, जेनेड 1980 मध्ये दुसऱ्या जागी पुन्हा सुरू झाला, तो युनायटेड सेरेब्रल पाल्सीच्या छत्राखाली. आणि हे नाव स्वतः 1950 च्या दशकापासून टेलेथॉन करत आलेलं!

म्हणजे पैसे मागावेच लागणार. मागायला लाज नाही. पण मागताना कुणाला छोटं करतोय, एवढं तरी बघायला हवं. सोनोग्राफी मशीनला पैसे मागताना आपण मशीनची किंमत सांगतो. मग कॅम्पसाठी मागताना माणसांचा पगार, रॅम्पचा खर्च, बसचं भाडं का सांगू नये? आणि सांगणारा कॅम्पला जाणाराच का असू नये?

पुढच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोडसकट असा व्हिडिओ आला, तर पैसे जरूर पाठवा. फक्त त्यात बोलतंय कोण आणि नुसतं दाखवलं जातंय कुणाला, हे एकदा बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!