गेंड्याच्या गळ्यांतील ग्रंथि

इ. स. १८४९ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील एक हिंदी गेंडा मेला. रिचर्ड ओवेन ह्या नामांकित शरीररचनापंडितानें त्याचें शवविच्छेदन केलें आणि पुढील वर्षीं वाचलेल्या निबंधांत, थायरॉइड ग्रंथीला चिकटलेल्या एका लहानशा पिवळसर पिंडाचा ओझरता उल्लेख केला. आमच्या देशांतील एका मुक्या प्राण्यानें वैद्यकाला दिलेली ही देणगी पुढें तीस वर्षें कोणीं ओळखली नाहीं. स्वीडनमधील उप्साला येथील इव्हार सांडस्ट्रोम ह्या तरुणास प्रथम कुत्र्याच्या व नंतर माणसाच्या गळ्यांत तेच पिंड दिसले. १८८० सालीं त्यानें ते प्रसिद्ध केले व ‘पॅराथायरॉइड’ हें नांवही दिलें. त्यांचें कार्य मात्र त्यालाही कळलें नव्हतें. त्याचें ऐकणारे थोडे निघाले. १८८९ त त्यानें स्वतःच्या हातानें आयुष्य संपविलें.

गलगंड आम्हांस नवा नव्हे. सुश्रुतानें निदानस्थानांत त्यास जागा दिली आहे. परंतु गळा उघडून ती गांठ काढण्याचें धाडस निर्वेधपणें होऊं लागलें तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. व्हिएन्नाचे बिलरोथ आणि बर्नचे कोखर हे त्या कामीं अग्रेसर होत. दोघांचेही रोगी शस्त्रक्रियेंतून वांचत, पण वांचल्यावर त्यांस होणारी पीडा निरनिराळी असे. कोखरांचे रोगी कांहीं महिन्यांनीं सुस्त, सुजट व मंदबुद्धि होत. कोखरांनीं १८८३ त ही गोष्ट स्वतःच निर्भीडपणें जाहीर केली. बिलरोथांच्या रोग्यांचीं बोटें मात्र थोड्याच दिवसांत आंखडूं लागत, हातांस पेटके येत, क्वचित् प्राणही जाई. ह्या भेदाचा उलगडा अमेरिकन शस्त्रवैद्य हॉलस्टेड ह्यांनीं फार मार्मिक केला आहे. कोखरांचा हात सावकाश व रक्त न सांडणारा; त्यामुळें ते थायरॉइड समूळ काढीत, पण आसपासच्या भागास धक्का लागूं देत नसत. बिलरोथांचा हात झपाट्याचा. थायरॉइडचे अवशेष मागें राहत आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथि मात्र दुखावत किंवा गांठीबरोबर जात. दोन थोर पुरुषांच्या स्वभावभेदाची साक्ष त्यांच्या रोग्यांच्या देहांत उमटावी, ह्याहून इतिहासांत विलक्षण तें काय असणार?

पेटक्यांचें मूळ रक्तांतील कॅल्शियमच्या उणीवेंत आहे, हें अमेरिकेंतील मॅक्कॅलम व फोगटलिन ह्यांनीं १९०९ च्या सुमारास दाखविलें. कॅल्शियमचे क्षार टोंचतांच पेटके थांबत. उपाय सांपडला, पण संकट येण्यापूर्वीं ओळखावें कसें, हा प्रश्न उरलाच. कानापुढील मज्जातंतूवर टिचकी मारली असतां ओठाची कड उडते, हें श्व्होस्टेकचें १८७६ चें लक्षण विद्यार्थ्यांस अजूनही शिकवितात. परंतु तें कांहीं निरोगी माणसांतही आढळतें, आणि खऱ्या रोग्यांत कॅल्शियम उतरल्यावरच दिसतें. रक्तांतील कॅल्शियमही लबाड आहे. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळीं तें ठीक असतें. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तळ गांठतें.

ही अडचण दूर झाली ती १९६३ त बर्सन व श्रीमती यॅलो ह्यांनीं पॅराथायरॉइडच्या स्रावाचें मापन साधलें तेव्हांपासून. (त्याच सालीं परळास अणुशक्ति खात्याचें किरणोत्सर्ग-वैद्यक केंद्र निघालें.) हा स्राव रक्तांत कांहीं मिनिटेंच टिकतो. म्हणून ग्रंथि दुखावल्या असल्यास कॅल्शियम उतरण्याच्या कितीतरी आधीं स्रावाचा आंकडा पडतो. शस्त्रक्रियेनंतर कांहीं तासांनीं तो मिलिलिटरला सुमारें १५ पिकोग्रॅमच्या खालीं असला, तर कॅल्शियमच्या गोळ्या व ड जीवनसत्त्व सुरू करावें, आणि रोग्यास घरीं जाण्याची घाई करूं देऊं नये, असा संकेत आतां रूढ आहे. तरी हें भाकित म्हणजे पंचांगांतील ग्रहण नव्हे. प्रत्येक प्रयोगशाळेचें माप थोडें वेगळें. शिवाय आधींपासून ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांस – आणि आपल्याकडे असे पुष्कळ – धोका अधिक.

ह्या विषयाकडे प्रस्तुत लेखक वळला तो पुस्तकांमुळें नव्हे. धाकट्या बहिणीची थायरॉइड मुंबईंतील एका रुग्णालयांत काढली. दुसऱ्या दिवशीं ‘सर्व ठीक’ म्हणून तिला डोंबिवलीस घरीं पाठविलें; गोळ्या नव्हत्या, सूचनाही नव्हती. तिसऱ्या रात्रीं ओठांभोवतीं मुंग्या आल्या. अशक्तपणा असेल म्हणून आम्हीं लिंबाचें सरबत दिलें. पहांटे तिच्या उजव्या हाताचीं बोटें जुळून ताठ झालीं आणि उघडतां उघडेनात. बिलरोथांच्या रोग्यांचें वर्णन तोंवर मीं वाचलें नव्हतें. जवळच्या डॉक्टरांनीं पाहतांक्षणींच ओळखलें व शिरेंतून हळूहळू कॅल्शियम दिलें. थोड्याच वेळांत हात सैल झाला.

परळच्या बाजूला राहणाऱ्यास रुग्णालय पायांखालीं असतें. कल्याण मुंबईच्या टोकाच्या स्थानकापासून सुमारें ५३ किलोमीटर दूर, आणि रात्रीं शेवटची लोकल निघून गेली कीं तें अंतर मोजण्याच्या पलीकडचें होतें. ठाण्याच्या पुढें राहणाऱ्या रोग्याच्या दृष्टीनें तो १५ चा आंकडा म्हणजे घरीं जाण्याचा परवानाच होय. बहिणीच्या ग्रंथि सुदैवानें केवळ बधिर झाल्या होत्या. दोन महिन्यांत त्या पूर्ववत् झाल्या आणि उशाशीं ठेवलेली खडूच्या चवीच्या गोळ्यांची बाटली तिनें एके दिवशीं फेंकून दिली.