कांदा, निर्यातबंदी आणि मतपेटी

आज कांद्याबद्दल बोलायचं आहे, पण स्वयंपाकघरातल्या नव्हे, मतपेटीतल्या. ही मालिका ऐकणारे तुम्ही इंदूरला असाल, बडोद्याला, हैदराबादला किंवा दिल्लीला. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेक जण कांदा विकत घेणारे. पिकवणारे फार थोडे. हा फरक सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण आजची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

१९९८ पासून सुरुवात करू. त्या वर्षी पावसाने पीक बिघडवलं आणि ऑक्टोबरात दिल्लीत कांदा सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर गेला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. भाजपने साहिबसिंह वर्मांना बाजूला करून सुषमा स्वराजांना मुख्यमंत्री केलं, निर्यात थांबवली, परदेशातून कांदा मागवला, सरकारी गाड्यांतून स्वस्तात विकला. नोव्हेंबरच्या अखेरीस निकाल लागला. १९९३ मध्ये ७० पैकी ४९ जागा जिंकणारा पक्ष १५ वर आला. काँग्रेसला ५२ मिळाल्या आणि शीला दीक्षित मुख्यमंत्री झाल्या. त्याच वेळी राजस्थानही गेलं.

तेव्हापासून ‘कांदा सरकार पाडतो’ हे वाक्य राजकारणात ब्रह्मवाक्यासारखं फिरतं आहे. माझ्या मते ते अर्धंच खरं. त्याच उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दिल्लीकर वीज-पाण्याच्या टंचाईने वैतागले होते. भेसळीच्या मोहरीच्या तेलामुळे जलोदरासारख्या आजाराची साथ येऊन माणसं दगावली होती. पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले होते. हे सगळं लोक विसरले, कांदा लक्षात राहिला. १९८० च्या लोकसभा निवडणुकीचंही तसंच. इंदिरा गांधींनी प्रचारात कांद्याच्या भावाचा मुद्दा केला हे खरं, पण जनता पक्ष आपल्याच भांडणांनी आधीच मोडला होता.

तरी दंतकथेचाही परिणाम होतोच. दिल्लीतल्या प्रत्येक सरकारने, ते कोणत्याही पक्षाचं असो, एक धडा घोकला: शहरात भाव चढू द्यायचा नाही. त्यासाठी हाताशी असलेलं सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे निर्यातीचं दार. ते बंद करायला तिजोरीतून एक रुपया लागत नाही, संसदेत विधेयक आणावं लागत नाही. एक अधिसूचना पुरते.

दार बंद केल्यावर काय होतं ते बघा. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०० लाख टन कांदा पिकला आणि त्यातला साधारण २५ लाख टन बाहेर गेला. म्हणजे बारा गोण्यांतली एक. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लासलगावच्या लिलावात भाव ठरतो तो शेवटच्या गोणीवर. निर्यातदार बोली लावायला उभा असला की स्थानिक व्यापाऱ्यालाही वर चढावं लागतं. तो निघून गेला की उरलेल्या अकरा गोण्यांचाही भाव उतरतो.

आणि दार कोणत्या महिन्यात बंद होतं यालाही महत्त्व आहे. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. शेतकरी भाव बघून थांबू शकतो, निदान थोडा तरी. पावसाळी लाल कांदा टिकत नाही. तो काढला की बाजारात न्यावाच लागतो. आज दीड हजार मिळाले तर दीड हजार, नाहीतर सडलेला माल उकिरड्यावर.

आता २०२३. ऑगस्टमध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं. मध्य प्रदेश, राजस्थानसह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, ३ डिसेंबरला निकाल यायला लागले आणि पाठोपाठ ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद झाली. समोर लोकसभा होती. लाल कांदा नुकता बाजारात येत होता. क्विंटलला साडेतीन-चार हजारांच्या आसपास असलेला भाव काही आठवड्यांत दोन हजारांच्या खाली घसरला. व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला, त्यात शरद पवार येऊन बसले.

सरकारची अडचण मला समजते. दुष्काळी वर्ष होतं, पीक कमी येण्याची भीती होती आणि दुकानातला कांदा शंभरीला गेला असता तर तुम्ही-आम्हीच आरडाओरडा केला असता. ३१ मार्चला संपणारी बंदी मार्चमध्येच पुढे ढकलली गेली, तेव्हा मात्र उन्हाळ कांदाही अडकला. त्यावर मीठ म्हणून एप्रिलमध्ये गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला खास परवानगी मिळाली. आकडा क्षुल्लक होता. पण ज्याच्या अंगणात कांद्याचा ढीग पडला आहे त्याला तो क्षुल्लक वाटत नाही. गदारोळ झाल्यावर सहा देशांना सुमारे ९९ हजार टन पाठवायला मंजुरी असल्याचं सरकारला सांगावं लागलं.

शेवटी ४ मे रोजी बंदी उठली. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. उठली कशी, तर ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. हिशेब करून पाहा: टनाला ७७० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने किलोला ६४ रुपयांच्या घरात, तेही जहाजाचं भाडं धरण्याआधी. लाल कांदा तर केव्हाच पडत्या भावाने विकून झाला होता. १५ मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली आणि भाषण चालू असताना एका तरुणाने ‘कांद्यावर बोला’ अशी हाक दिली.

दिंडोरी हा भाजपने २००९, २०१४ आणि २०१९ असा सलग जिंकलेला मतदारसंघ. निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण, दिंडोरी; कांद्याचा मुलूखच म्हणा. केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार तिथे पेशाने शिक्षक असलेल्या भास्कर भगरे यांच्याकडून सुमारे १ लाख १३ हजार मतांनी हरल्या. आडनाव सारखं आणि चिन्हही नुसती तुतारी, असा एक अपक्ष उभा होता. त्याने लाखावर मतं खाल्ली, तरीही. शेजारच्या नाशिकमध्ये हेमंत गोडसे हरले.

इथे थोडं सांभाळून बोलायला हवं. त्या निवडणुकीत पक्षफुटीचा राग होता, मराठा आरक्षण होतं, संविधानाची चर्चा होती. धुळ्याची जागाही भाजपने गमावली आणि अनेकांनी तिचं श्रेय कांद्याला दिलं. पण तिथला फरक चार हजारांच्या आतला होता आणि निकाल फिरवला मालेगाव मध्यच्या एकगठ्ठा मतदानाने. दिंडोरीची गोष्ट वेगळी. तिथे कांदा बाजूला ठेवला तर एवढी मोठी उलथापालथ समजत नाही.

आता मुख्य प्रश्न. या बंदीचे आभार शहरांनी मानले का? सरकारने शेतकऱ्याच्या खिशातून काढून ग्राहकाला दिलं ते मतांसाठीच ना? मग २०२४ मध्ये ‘कांदा आवाक्यात राहिला म्हणून मी मत दिलं’ असं म्हणणारा शहरी मतदार तुम्हाला भेटला का? मला नाही भेटला. न झालेल्या भाववाढीचं बिल कोणाच्या हातात पडत नाही. ती झाली असती हेच मुळी ग्राहकाला माहीत नसतं. उलट क्विंटलमागे दीड-दोन हजार गेलेल्या माणसाकडे आडत्याची पट्टी असते, तारखेसकट.

अमेरिकेत याच्या उलटा खेळ झाला. २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने आयातीवर शुल्क लावलं, चीनने उत्तर म्हणून अमेरिकी सोयाबीनवर शुल्क लावलं, शेतकऱ्यांना भरपाई म्हणून दोन वर्षांत २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आकडेमोड केली: संरक्षण मिळालेल्या उद्योगांत नोकऱ्या जवळजवळ वाढल्याच नाहीत, तरी त्या भागांत रिपब्लिकन पक्षाचा पाठिंबा वाढला. लोकांना आपल्यासाठी कोणी लढतंय असं दिसलं. आपल्याकडे चांदवडच्या शेतकऱ्याला काय दिसलं? दुसऱ्यासाठी आपला घास काढला जातोय. शरद जोशींनी चाकणपासून चार दशकांपूर्वी जे मांडलं, सरकार शेतीला सबसिडी देत नाही तर उणे सबसिडी देतं, ते इथे प्रत्येक पट्टीवर छापल्यासारखं होतं.

मग शेतकऱ्याचं मत दिल्लीच्या गृहिणीच्या मताइतकं धाक दाखवणारं झालं का? सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या दोन महिने आधी, केंद्राने किमान मूल्य काढलं आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. धाक बसला होता हे नक्की. नोव्हेंबरात कांदा किरकोळीला साठ-सत्तरच्या पुढे गेला, शेतकऱ्याला बऱ्याच दिवसांनी चांगला भाव मिळाला आणि या वेळी दिल्लीने निर्यात थांबवली नाही. तोवर लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपयेही घराघरात पोचले होते. नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीने जिंकल्या. जिथे रास्ता रोको झाला होता त्या चांदवडनेही भाजपचाच आमदार निवडला. सहा महिन्यांपूर्वीचा राग कुठे गेला, असं अनेकांनी विचारलं. माझं मत असं की तो विरला नव्हता, वसूल झाला होता. एक खासदार पाडून भाव मिळाला असेल तर पुन्हा त्याच गोष्टीवर मत का द्यायचं?

१ एप्रिल २०२५ पासून उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं. पण दरम्यान बाहेरचं गिऱ्हाईक बदललं होतं. २०१९ आणि २०२० च्या आपल्या अचानक बंदीने पोळलेल्या बांगलादेशाने स्वतःचं पीक वाढवण्यावर भर दिला होता. त्या उन्हाळ्यात दार सताड उघडं होतं, रब्बीचं पीक भरपूर आलं होतं आणि लासलगावात भाव हजार-दीड हजारांवर रेंगाळत होता. अधिसूचना काढण्यासारखं दिल्लीकडे काही उरलं नव्हतं, आणि विधानसभा-लोकसभेची निवडणूक चार-चार वर्षं लांब होती.